देवघराशेजारी एक कोरी वही

एकादशी नेमकी कधी, हा प्रश्न पुण्यात किंवा पार्ल्यात सहसा कुणाला पडत नाही. भिंतीवर कालनिर्णय असतं, कोपऱ्यावरच्या दुकानात साबुदाण्याची पोती पुढे आलेली असतात. न्यू जर्सीत किंवा टोरांटोत मात्र तिथी तिथल्या सूर्योदयावर मोजली, तर एकादशी कधीकधी भारतातल्या तारखेच्या आदल्या दिवशीच येते. मग घरात खल सुरू होतो. तिकडची धरायची की इकडची? गणपती चतुर्थीलाच बसवायचा की सोयीच्या शनिवारी? सत्यनारायण सांगणारे गुरुजी झूमवर चालतील का? सातासमुद्रापलीकडे वारलेल्या चुलत्याचं सुतक पाळायचं का, आणि पाळायचं तर ऑफिसला जाऊन पाळायचं का?

देशात असे निर्णय गल्ली घेते, सोसायटी घेते, थोरली जाऊ घेते. परदेशातल्या मराठी घराला ते स्वतः घ्यावे लागतात, आणि वर्षभर घ्यावे लागतात. ते घेतलेही जातात. पण कशाच्या आधारावर, हे फारसं कुणी स्वतःला विचारत नाही. विचारलंच तर तीन उत्तरं तयार असतात: बरं वाटतं, आई करायची, मुलांना कळायला हवं. तिन्ही खरी आहेत. पण त्यांतून त्या माणसाची श्रद्धा काय आहे, हे कळत नाही. त्याच्या घरची पद्धत तेवढी कळते.

या उत्तरांच्या पलीकडे जायचं तर एक जुना आणि स्वस्त मार्ग आहे: वही. आपण काय मानतो, का मानतो, कशावरचा विश्वास उडाला, कशापुढे अजूनही हात आपोआप जोडले जातात, हे तारीख घालून, स्वतःच्या शब्दांत, दुसऱ्या कुणासाठी नव्हे अशा बेताने लिहून ठेवायचं. परदेशातली मराठी मंडळं ढोल-ताशा पथकाला, नाटकाच्या तालमींना आणि मराठी शाळेला बळ देतात. त्यातलं थोडं या वहीलाही द्यावं, असा प्रस्तुत लेखाचा आग्रह आहे.

यावर बऱ्याच घरांतून उत्तर येईल, की वही तर आमच्याकडे आहेच. आहे खरी. लिखित जपाच्या वह्या मराठी माणसाबरोबर सामानातून जगभर गेल्या आहेत. चौकटीत रामनाम लिहून पानं भरायची आणि वही पूर्ण झाली की अर्पण करायची. लिहिण्याला साधना मानण्याची रीत आपल्याकडे जुनीच. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला दिला आहे, आणि त्यात अक्षर कसं वाटोळं काढावं, ओळी कशा सरळ राखाव्यात, पानाभोवती मोकळी जागा कशी सोडावी, इथपर्यंत बारकाईने सांगितलं आहे. जपाच्या वहीने मन ठिकाणावर येतं, हे ती लिहिणारे सांगतातच. अडचण एवढीच, की त्या चौकटींत शंकेला जागा नाही. आईच्या शेवटच्या आजारपणात देव कुठे होता, हा प्रश्न कुणाला पडला तर तो रामनामाच्या दोन ओळींच्या मध्ये कुठे लिहायचा?

तो लिहायची रीतही परंपरेतच आहे, हे आपण विसरतो. संत बहिणाबाई (१६२८–१७००) हिच्या आत्मनिवेदनाचे अभंग त्यासाठी उघडून पाहावेत. वेरूळजवळच्या देवगावात जन्म, वयाच्या तिसऱ्या वर्षी तिशीतल्या बिजवराशी लग्न, मग घरादारासकट भटकंती आणि कोल्हापूरचा मुक्काम. तिथे स्वप्नात तुकोबा आले आणि तिने त्यांना गुरू मानलं. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू करावं, याचा नवऱ्याला संताप. त्याने तिला मारलं, हे ती लिहिते. बाईच्या जन्माला आल्यावर वेदांची दारं बंद, मग परमार्थ साधायचा कसा, असं ती थेट शास्त्रांना विचारते. नवऱ्याची सेवा हा धर्म आणि तुकोबांची ओढ हाही धर्म, या दोहोंच्या चिमट्यात सापडलेली बाई अभंगामागून अभंग स्वतःची बाजू तपासत जाते. ती बंड पुकारून घर सोडत नाही आणि गुरूही सोडत नाही. आजच्या वाचकाला तिने पतिव्रताधर्माशी केलेली तडजोड खटकेल. पण ती तडजोड आपल्यापर्यंत पोचली, कारण तिने ती झाकली नाही.

त्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी एक मराठी विद्यार्थी धर्म शिकायला ऑक्सफर्डला गेला. विठ्ठल रामजी शिंदे यांचा जन्म १८७३ चा, जमखंडीचा, घर वारकरी. पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात शिकताना ते प्रार्थनासमाजाकडे ओढले गेले आणि १९०१ ते १९०३ अशी दोन वर्षं ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात त्यांनी धर्मांचा तौलनिक अभ्यास केला. या शिंद्यांनी रोजनिशी ठेवली. इंग्लंडमधल्या आणि पुढे १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगातल्या त्यांच्या नोंदी आज पुस्तकरूपाने वाचायला मिळतात. त्यांचे चरित्रकार गो. मा. पवार यांनी त्या १९७९ मध्ये संपादित केल्या. परदेशातल्या मराठी वाचकाने ही रोजनिशी मुद्दाम मिळवावी. सव्वाशे वर्षांपूर्वी त्याच्यासारखाच एक माणूस परक्या देशातल्या थंडीत, परक्या लोकांच्या प्रार्थनेत बसून आपला देव कुठला, हे ठरवत होता.

शिंद्यांचं वेगळेपण असं, की त्यांच्यासाठी धर्माची चिकित्सा आणि भक्ती ही दोन वेगळी खाती नव्हती. घरच्या वारकरी संस्कारावर त्यांनी पाणी सोडलं नाही आणि युनिटेरियन या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींच्या शिष्यवृत्तीवर गेले म्हणून त्यांचा पंथही डोळे झाकून घेतला नाही. पाहिलं, नोंदवलं, ताडून पाहिलं. तिथल्या शहरांत गरीब वस्त्यांमध्ये चालणारं धर्मकार्य त्यांनी जवळून पाहिलं, आणि १९०६ मध्ये मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं. उपासना करणाऱ्याने अस्पृश्यतेकडे पाठ फिरवून चालणार नाही, हा त्यांचा निष्कर्ष होता. तो एका रात्रीत आलेला साक्षात्कार नव्हता. त्यामागे अनेक वर्षांचं वाचन, प्रवास आणि स्वतःशी चाललेला हिशेब होता. तसा हिशेब ठेवायला रोजनिशीइतकं सोयीचं दुसरं साधन नाही.

अमेरिकेतल्या वाचकाला याच जातीचं एक उदाहरण घराजवळ सापडेल. न्यू जर्सीतल्या माउंट हॉली गावात अठराव्या शतकात जॉन वूलमन नावाचा, क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा एक माणूस राहत होता. तरुणपणी तो दुकानात कामाला असताना मालकाने त्याला एका गुलाम बाईच्या विक्रीचा कागद लिहायला सांगितलं. त्याने तो लिहिला. मन खात होतं, तसं त्याने मालकाला आणि गिऱ्हाइकाला बोलूनही दाखवलं. पण कागद लिहिला. पुढे दुसऱ्या कुणी असंच काम आणलं तेव्हा मात्र त्याने नकार दिला. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्याने आपल्या धर्मजीवनाच्या नोंदी लिहायला घेतल्या, त्यात हा प्रसंग आहे, आणि पहिल्या वेळी आपण कच खाल्ली हेही आहे. त्याच्या मृत्यूनंतर १७७४ मध्ये त्या नोंदी छापल्या गेल्या. दोन वर्षांनी फिलाडेल्फियाच्या क्वेकर सभेने सभासदांना गुलाम बाळगायला बंदी केली. त्यासाठी वूलमन हयातभर गावोगाव फिरून लोकांशी बोलला होता.

बहिणाबाईने पद्यात लिहिलं, शिंद्यांनी रोजच्या रोज, वूलमनने काही वर्षांनी मागे वळून. प्रकार वेगळे, पण तिघांनीही पुढच्या वेळी सोयीचं आठवायची वाट स्वतःसाठी बंद केली. लिहिण्याचा मोठा उपयोग हाच आहे. मनःशांती मिळते, वगैरे जाहिरातीतलं सोडून द्यावं.

माणसाची स्मरणशक्ती या बाबतीत फार लबाड असते. १९७० मध्ये डॅरिल बेम आणि कीथ मॅकॉनेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. अभ्यासक्रम ठरवण्यात विद्यार्थ्यांना किती अधिकार असावा, याबद्दल विद्यार्थ्यांची मतं त्यांनी आधी नोंदवून घेतली आणि काही दिवसांनी त्यांना त्या मतांच्या उलट बाजूने निबंध लिहायला लावला. निबंध लिहिता लिहिता मतं सरकली. पण आधी तुमचं मत काय होतं, असं विचारल्यावर त्यांनी नवं मतच जुनं म्हणून सांगितलं. आपण बदललो, हेच त्यांना आठवेना.

अभ्यासक्रमाच्या प्रश्नावर हे होत असेल तर देवाच्या प्रश्नावर काय होत असेल! पन्नाशीनंतर देवळात जाऊ लागलेला माणूस आपली श्रद्धा पहिल्यापासूनची असल्याचं सांगतो. मुंज निमूटपणे करून घेतलेला गृहस्थ आपण लहानपणापासून नास्तिक असल्याचं सांगतो. दोघे खोटं बोलत नसतात. त्यांच्याकडे पुरावा नसतो, इतकंच.

आक्षेपांकडे वळायला हवं, कारण ते खरे आहेत. पहिला असा, की लिहून देव भेटत नाही. त्याला अनुभूती लागते, गुरू लागतो, सत्संग लागतो. कबूल. बहिणाबाईलाही गुरू होता, आणि तरी तिने लिहिलं. वही गुरूच्या जागी बसत नाही. गुरूने सांगितलेलं आपल्याला किती पटलं आणि किती नुसतं मान डोलावून घेतलं, एवढं ती दाखवते. परदेशात तर दर उन्हाळ्यात नवे महाराज, नवं शिबिर आणि नवी देणगी-पेटी येते. तिथे ही तपासणी उपयोगीच पडेल.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. रोज स्वतःबद्दल लिहिणारा माणूस स्वतःतच गुंतून पडतो. दुकानांत मिळणाऱ्या आयत्या प्रश्नांच्या वह्या, आज कशाबद्दल कृतज्ञ आहात त्या तीन गोष्टी लिहा असं सांगणाऱ्या, या धोक्यावरचा उपाय नाहीत. तो शाळेतला गृहपाठ आहे आणि आठवड्याभरात तो तसाच उरकला जातो. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं मनातल्या जखमांबद्दल लिहायला सांगितलं होतं. जखमेच्या घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांची पुढच्या महिन्यांत दवाखान्याची वारी कमी झाली, असं त्यांना दिसलं. तेव्हापासून लेखनाला औषध म्हणून विकणाऱ्यांचं पेव फुटलं. पण जोॲन फ्रॅटरोली यांनी २००६ मध्ये असे १४६ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा फायदा खरा पण सरासरीने लहान निघाला. पेनेबेकर यांच्या पुढच्या कामात आणखी एक गोष्ट दिसली: ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक कारणं शोधणारे आणि उमज सांगणारे शब्द वाढत गेले, त्यांना लाभ अधिक झाला. तेच दुःख त्याच शब्दांत उगाळण्याला मोल नाही. श्रद्धेच्या वहीलाही हाच नियम लावावा. पानावर ‘का’ आला नाही तर ते पान तक्रारीचं. आणि ज्याचं मन खरोखर आजारी आहे त्याने वही बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा.

तिसरी अडचण व्यवहाराची: वही कुणी वाचली तर? सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेल्या सासूबाईंच्या हाती, आरती करताना काहीच वाटत नाही, असं सुनेचं वाक्य लागलं तर काय होईल, हे सांगायला नको. कुलूप लावावं, फोनमध्ये पासवर्डखाली लिहावं, वर्षाअखेर फाडून टाकावं. यात पाप काही नाही. जपायचीच असेल तर विश्वासाच्या माणसाकडे द्यावी. ॲम्स्टरडॅममधल्या एटी हिलेसम या ज्यू तरुणीने मार्च १९४१ मध्ये दैनंदिनी सुरू केली. धर्माचं फारसं वळण नसलेल्या घरातली ही मुलगी, जर्मन फौजांच्या ताब्यातल्या त्या शहरात, लिहिता लिहिता प्रार्थनेपर्यंत पोचली. छळछावणीत जाण्यापूर्वी तिने वह्या मैत्रिणीच्या स्वाधीन केल्या. १९४३ मध्ये ऑश्विट्झला तिचा अंत झाला आणि वह्या छापून यायला १९८१ साल उजाडलं.

आपल्याकडे अभ्यासक माणसाने स्वतःच्या भक्तीबद्दल मोकळेपणाने लिहिण्याचं उदाहरण म्हणून इरावती कर्वे आठवतात. बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आलेली ही मानववंशशास्त्रज्ञ वारीत चालली, दिंडीत जातवार वेगळ्या पंगती बसतात हे पाहून व्यथित झाली, ते तिने ‘वाटचाल’ या लेखात लिहिलं. विठोबाला ‘बॉयफ्रेंड’ म्हणायलाही ती कचरली नाही. भक्ती आणि चिकित्सा एका पानावर नांदू शकतात, हे मराठीत यापेक्षा झकास कुणी दाखवलं असेल असं वाटत नाही.

मंडळाने काय करावं? फार काही नको. गणेशोत्सवाच्या एखाद्या दुपारी हॉलची एक खोली अर्धा तास रिकामी ठेवावी, वह्या-पेनं ठेवावीत आणि ज्याला हवं त्याला गप्प बसून लिहू द्यावं. वाचून दाखवणं नाही, स्पर्धा नाही, फेसबुकवर फोटो तर मुळीच नाही. भाषेची सक्ती नको: ज्या मुलाचा देवाशी वाद इंग्रजीत चालतो त्याने इंग्रजीत लिहावं, ज्या आजींना मोडी येते त्यांनी मोडीत. विषय द्यायचाच तर उत्सवातली कोणती गोष्ट तुम्ही मनापासून करता आणि कोणती लोकलाजेस्तव, एवढा एक पुरे.

यातून काही जण आरतीला उभं राहणं सोडतील, हे कार्यकारिणीने गृहीत धरावं. मराठी शाळेतली सोळा वर्षांची एखादी मुलगी लिहून झाल्यावर घरी सांगेल, की गणपती तिला आवडतो पण त्यावर तिचा विश्वास नाही. पालकांचे फोन येतील, ‘हे कसले उद्योग’ म्हणून कुणी वर्गणी थांबवेल. त्या मुलीला उत्सवाच्या कामांतून वगळायचं कारण नाही. सजावटीत, मोदक वळण्यात, पार्किंगच्या रांगा लावण्यात हात नेहमीच कमी पडतात, आणि आजवर त्या कामांसाठी कुणाला श्रद्धेचा दाखला मागितलेला नाही.