सराव धोक्याचा, म्हणून सोडायचा?



स्कूबा डायव्हिंगमधला आणीबाणीत वर येण्याचा सराव बंद करा, असे सांगणारे गेल्या अंकातील पत्र वाचले. सरावातच अपघात होतात, हा त्यातला मुद्दा अर्धा खरा आहे. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे घेतलेला श्वास रोखून कोणी वर आला, तर छातीतली हवा दुप्पट फुगू पाहते आणि फुप्फुस फाटू शकते. दीड मीटरवरूनही हे घडू शकते. तलावाची उथळ बाजूसुद्धा त्याला पुरते.

पण हाच सराव आधी तलावात आडवे पोहत करता येतो. श्वास घेण्याचा रेग्युलेटर तोंडातच ठेवायचा आणि ‘आऽऽ’ म्हणत, सतत हवा सोडत ९ मीटर अंतर कापायचे. खोली बदलत नाही, त्यामुळे फुप्फुसावर ताण नाही. समुद्रातला उभा सराव मात्र प्रशिक्षकासोबतच.

मला खटकला तो ‘डायव्ह कॉम्प्युटर असल्यावर हे कशाला?’ हा प्रश्न. कॉम्प्युटर वर येण्याचा वेग वाढल्याचा इशारा देईल. पण हवा संपल्यावर स्वतःचा जादा रेग्युलेटर पुढे करायला जोडीदारच जवळ हवा. (तो बहुधा फोटो काढण्यात गुंग असतो!) आणि मुळात दर काही मिनिटांनी गेज पाहणाऱ्याची हवा सहसा संपतच नाही.

पावसाळ्यानंतर मालवणचा हंगाम सुरू होण्याआधी जुन्या परवानाधारकांनीही एकदा तलावात उतरून हा सराव करावा, ही विनंती.

– एक डायव्हिंग प्रशिक्षक, मालवण