कोणते जोशी?

महाराष्ट्रात कोणी आपले आडनाव ‘जोशी’ असे सांगितले की पुढचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो : ‘कोणते जोशी?’ उत्तरादाखल कोकणस्थ, देशस्थ, कऱ्हाडे यांपैकी एखादा शब्द आला की विचारणाऱ्याचे समाधान होते. राज्य शासनाच्या भटक्या जमातींच्या यादीतही ‘जोशी’ हे नाव आहे आणि त्याखाली बुडबुडकी, डमरूवाले, कुडमुडे, मेढंगी, सरोदे, सहदेव जोशी, सरवदे अशी पोटनावे नोंदलेली आहेत, हे त्या वेळी सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. एकच आडनाव शहरातील घराच्या पाटीवर आहे आणि गावाबाहेर पाल ठोकून राहणाऱ्या कुटुंबाचेही आहे. ते दोन्हीकडे कसे पोहोचले, याचा विचार करण्याची वेळ आता आली आहे.

‘जोशी’ या शब्दाचे मूळ ‘ज्योतिषी’ या संस्कृत शब्दात आहे. प्राकृतात त्याचे ‘जोइसी’ झाले आणि त्यातून मराठी, गुजराती, हिंदी या भाषांत ‘जोशी’ हे रूप रूढ झाले. कर्नाटकात ‘जोइस’ हे मुळाला अधिक जवळचे रूप आजही टिकून आहे. न्यायमूर्ती एम. रामा जोइस आणि योगाचार्य पट्टाभि जोइस यांच्या नावांतून ते साऱ्या देशाला परिचित झाले. तात्पर्य, हे आडनाव कोणा मूळपुरुषाचे नाही, की कोणत्या गावाचेही नाही. ते एका कामाचे नाव आहे.

ते कामही क्षुल्लक नव्हते. घरोघरी घड्याळ आणि छापील दिनदर्शिका येण्यापूर्वी गावाचा काळ जोशी राखत असे. पाडव्याला पंचांगवाचन करून वर्षफल सांगणे, सण-व्रतांच्या तिथी कळविणे, पेरणीचा मुहूर्त देणे, लग्नात घटिकापात्राकडे लक्ष ठेवून नेमकी वेळ साधणे ही त्याची कर्तव्ये होती. गावजोशीपण हे वतन असे आणि त्याबद्दल सुगीत धान्य मिळे. वतन वंशपरंपरेने चाले, म्हणून कामाचे नाव घराण्याला चिकटले. पुढे इंग्रजी अमलात शाळा, कचेरी आणि न्यायालय यांच्या दप्तरांना प्रत्येकाचे कायमचे आडनाव हवे झाले, तेव्हा हे कामाचे नाव कागदावर पक्के झाले. कुलकर्णी, देशपांडे, पाटील या आडनावांचीही हीच कथा आहे. पाटील मराठा आहेत, तसेच लेवा, आगरी, लिंगायत आणि जैनही आहेत. त्यावरून त्यांचे कूळ एक, असे कोणी म्हणत नाही.

जोशांचेही तसेच आहे. कोकणस्थांमध्येच हे आडनाव एकाहून अधिक गोत्रांत आढळते. त्यामुळे जोशांची कन्या जोशांच्याच घरी सून म्हणून जाते आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. महाराष्ट्राबाहेर पाहिले तर गुजरात, राजस्थान, कर्नाटक, कुमाऊँ आणि थेट नेपाळपर्यंत जोशी आहेत. कुमाऊँच्या चंद राजांच्या दरबारात जोशांनी दिवाणगिरी केली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील तेथल्या राजकारणात हर्षदेव जोशी हे मोठे नाव होते. काठमांडूच्या खोऱ्यातील नेवार समाजात जोशी हे परंपरेने ज्योतिषी. २०२२ साली वयाची शंभरी ओलांडून दिवंगत झालेले विद्वान सत्यमोहन जोशी हे त्याच समाजातील. कुमाऊँतील पंत घराण्यांत आपले पूर्वज महाराष्ट्रातून आल्याची परंपरा सांगितली जाते. त्यावरून तेथले जोशीही इकडूनच गेले असावेत, असा तर्क करण्याचा मोह होतो. पण त्याची गरज नाही. जेथे पंचांग होते, तेथे ज्योतिषी होता आणि जेथे ज्योतिषी होता, तेथे लोकांच्या जिभेवर ‘जोशी’ घडू शकत होता. रक्ताचा संबंध नसलेल्या, परस्परांची भाषा न जाणणाऱ्या घराण्यांना एकच नाव मिळाले, ते एकाच कालगणनेच्या संस्कृतीमुळे. या देशाच्या एकात्मतेचा याहून साधा पुरावा शोधण्यास दूर जावे लागत नाही.

या आडनावाने विचारांचा साचाही कोणावर लादला नाही. १८८६ साली अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळविणाऱ्या डॉ. आनंदीबाई जोशी, कामगार चळवळीचे अध्वर्यू ना. म. जोशी, समाजवादी एस. एम. जोशी, अल्मोड्याचे साम्यवादी पूरणचंद जोशी, गोवामुक्तीच्या सत्याग्रहात उतरलेले जनसंघाचे जगन्नाथराव जोशी, गुजराती कवी उमाशंकर जोशी आणि गदगचे भीमसेन जोशी ही सारी एकाच आडनावाची माणसे. शेतकरी संघटनेचे शरद जोशी आणि हिंदीतील व्यंगकार शरद जोशी यांचे तर नावही एकच. अस्पृश्यतानिवारणाच्या बाजूने शास्त्रार्थ करणारे वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्रीही जोशीच.

या उज्ज्वल नामावळीत कुडमुडे जोशांचे नाव कोठेही येत नाही. कुडमुडे हे लहानसे डमरूसारखे वाद्य वाजवीत ते दारोदार हिंडले. ज्या वस्त्यांत गावजोशाचे पाऊल क्वचितच पडे, तेथे दिवसमान, शकुन आणि पाऊसपाण्याचे ठोकताळे त्यांनी पोहोचविले. काम त्याच जातीचे, नाव तेच. फरक इतकाच, की एकाला वतन मिळाले आणि दुसऱ्याच्या झोळीत भिक्षा पडली. वतनदाराची मुले शाळेत गेली आणि भटक्याची मुले पुढच्या गावाला गेली. मराठी भाषेने तर ‘कुडमुड्या जोशी’ हा शब्द अर्धवट ज्ञानाची टवाळी करण्यासाठी वापरला. ती टवाळी आपण एका समाजाच्या नावाने करीत आहोत, याचे भान सुशिक्षितांनाही राहिले नाही.

हा प्रश्न केवळ भावनेचा नाही. महाराष्ट्रात भटक्या जमातीचा दाखला हवा असेल, तर २१ नोव्हेंबर १९६१ रोजी वा त्यापूर्वी कुटुंबाचे वास्तव्य राज्यात असल्याचा पुरावा द्यावा लागतो. ज्या आजोबांचे सारे आयुष्य पालांत गेले, त्यांचा सातबारा कोठून आणावा आणि शाळा सोडल्याचा दाखला कोणत्या शाळेचा दाखवावा? त्यातही आडनाव ‘जोशी’ म्हटल्यावर समोरचा कारकून साशंक होतो तो वेगळाच. भटक्या-विमुक्तांसाठी नेमलेल्या राष्ट्रीय आयोगांनी, २००८ साली बाळकृष्ण रेणके यांच्या आणि पुढे भिकू रामजी इदाते यांच्या अध्यक्षतेखाली, या समाजाची नीट गणनाच झालेली नाही हे दुखणे मांडले आहे.

३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने आगामी जनगणनेत जातीची नोंद घेण्याचा निर्णय जाहीर केला. या नोंदीत आडनावांमुळे काय घडू शकते, याचा अनुभव गाठीशी आहे. १९३१ च्या जनगणनेत ४,१४७ जाती नोंदल्या गेल्या होत्या. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय पाहणीत मात्र जातींची म्हणून ४६ लाखांहून अधिक नावे जमा झाली. लोकांनी आडनाव, कूळ, गोत्र, पोटजात यांपैकी जे सुचले ते सांगितले आणि गणकाने ते लिहिले. जातीच्या रकान्यात नुसते ‘जोशी’ लिहिले गेले, तर तो ज्योतिषाचा वारस कोणत्या अंगणातला, हे कोणालाही उमगणार नाही आणि त्याची झळ ज्याच्याजवळ दुसरा कोणताच कागद नाही त्यालाच बसेल.

येथे शासनाइतकीच समाजाचीही जबाबदारी आहे. गावाबाहेर पाल पडले, तर त्या कुटुंबाची नोंद झाली का, मुलांची नावे शाळेच्या पटावर आली का, दाखल्याच्या अर्जासोबत जुन्या शाळेचा वा ग्रामपंचायतीचा एखादा उतारा मिळतो का, हे पाहण्यास सभा-संमेलने लागत नाहीत. त्यासाठी तहसील कचेरीत सोबत जाणारा एक माणूस लागतो. हे काम पाटीवर जोशी लिहिणाऱ्या घरातील तरुणाने हाती घेतले, तर त्याहून उचित काय असेल? ‘कोणते जोशी?’ हा प्रश्न आजवर अंतर मोजण्यासाठी विचारला गेला. यापुढे तो चौकशीसाठी विचारला जावा आणि उत्तर काहीही आले तरी विचारणाऱ्याने दार उघडे ठेवावे.