बठीसन देख!

माझ्या आजीची खुर्ची पारोळ्याच्या एका सुतारकाकांनी केली. गुडघे धरल्यामुळे तिला खाली बसवेना. काकांनी सुतळी घेऊन तिच्या टाचेपासून गुडघ्यामागच्या खाचेपर्यंत माप घेतलं. खुर्चीचे हात पुढे गोल ठेवले, कारण उठताना ती तिथेच जोर देणार. सागवानाचा सांगाडा उभा राहिला, पण पॉलिशला त्यांनी हात लावला नाही. म्हणाले, "माय, आते बठीसन देख." आजी बसली, उठली. काकांनी मागच्या पायांचं बोटभर लाकूड कमी केलं. पॉलिश त्यानंतर.

डेन्मार्कचे खुर्च्यांचे रचनाकार हान्स वेग्नर यांच्याविषयी वाचताना मला हे काका आठवले. कोणी बसल्याशिवाय खुर्ची पूर्ण होत नाही, असं तेही मानत. १९१४ साली ट्योनर गावी एका चांभाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडील पायाच्या मापाने जोडा शिवत; मुलगा चौदाव्या वर्षी सुताराकडे उमेदवारीला लागला. कोपनहेगनचं शिक्षण त्यानंतरचं. आधी रंधा, मग कागदावरची रेघ. २००७ मध्ये ते गेले, तोवर त्यांनी पाचशेहून अधिक खुर्च्यांची रचना केली होती. १९६० साली अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार केनेडी आणि निक्सन पहिल्यांदा टीव्हीवर समोरासमोर आले, तेव्हा दोघांसाठी वेग्नर यांच्याच खुर्च्या मांडलेल्या होत्या.

त्यांची १९४९ सालची 'वाय' खुर्ची आजही बनते. पाठीला इंग्रजी वाय अक्षरासारखी फळी आणि बैठकीला पीळ दिलेल्या कागदाची सुमारे १२० मीटर दोरी, हाताने विणलेली. दोरी झिजली की नवी विणायची. सांगाडा तोच राहतो. खानदेशातल्या कोणत्याही म्हाताऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. आपली बाज हेच तर करत आली! सुतळी सैल झाली की ताणायची, तुटली की पुन्हा विणायची, पण माचवा नातवापर्यंत पोचवायचा.

जळगावहून एरंडोल, पारोळामार्गे धुळ्याला जाताना ढाब्यांवर आता प्लॅस्टिकच्या खुर्च्याच जास्त दिसतात. त्यांचा मला राग नाही. स्वस्त आहेत, हलक्या आहेत, लग्नाच्या मांडवात शेकडो माणसांची सोय करतात. पण एखादीचा पाय मोडला की ती खुर्ची भंगारात जाते, आणि ती कुणाच्याही गुडघ्याचं माप घेऊन बनलेली नसते.

डेन्मार्कने आपल्या सुतारकीला डोक्यावर घेतलं, वेग्नर यांच्या गावच्या जुन्या पाण्याच्या टाकीत त्यांच्या खुर्च्यांचं संग्रहालय केलं. आपण आपल्या सुतारांना फक्त दार घासायला बोलावतो.

घरात कुणाचे गुडघे दुखत असतील, तर पुढची खुर्ची दुकानातून आणण्याआधी एकदा गावातल्या सुताराला बोलवा. त्याला माप घेऊ द्या. आजीची खुर्ची अजून आमच्या ओट्यावर आहे. आता तिच्यावर माझी आई बसते.