एकदम डेंजर

पिशोरच्या बाजारात तासभर उभं राहावं आणि 'डेंजर' हा शब्द किती वेळा कानावर येतो ते मोजावं. भजी डेंजर झालेली असतात, कुणाचं पोरगं डेंजर बॅटिंग करतं, कन्नडला नवा आलेला साहेब 'लई डेंजर' असतो. यातल्या एकाही वाक्यात धोका नाही. साहेबाच्या वाक्यात असलाच, तर तो कामचुकारांना.

खरा धोका असतो तिथं हा शब्द पत्र्यावर रंगवलेला असतो. १९५६च्या वीज नियमांनी पाटी कशी हवी तेसुद्धा ठरवून दिलं: हिंदी किंवा इंग्रजीत, शिवाय जिल्ह्याच्या भाषेत, सोबत कवटी आणि हाडं. पाटी असते. तिच्या खाली डीपीचं झाकण उघडं, फ्यूजच्या जागी तार, आणि रात्रीच्या लाइटला पाणी द्यायला निघालेला शेतकरी हातात वाळकी काठी घेऊन उभा. त्या वेळी 'डेंजर' कुणी म्हणत नाही. 'जपून रे' एवढंच म्हणतात.

व्याकरणाच्या मास्तरांनी याला शब्दाची दुर्दशा म्हणावं, पण मामला उलटा आहे. लॅटिनमध्ये धनी तो 'डॉमिनस'. त्याच्या सत्तेसाठीचा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत उतरला, तो हा डेंजर. एखाद्याच्या डेंजरमध्ये असणं म्हणजे त्याच्या मुठीत असणं. जोखीम हा अर्थ मागाहून चिकटला. शेक्सपिअरचा अँटोनिओ शायलॉकच्या डेंजरमध्ये सापडतो तो याच अर्थानं, आणि सावकाराच्या मुठीत असणं म्हणजे काय हे मराठवाड्याला इंग्रजी नाटकातून शिकावं लागत नाही. तेव्हा साहेबाला डेंजर म्हणणारा पिशोरकर शब्दकोशाच्या मागे नाही, सातशे वर्षं मुळाशी आहे.

पंचाईत होते ती औषधाच्या दुकानात. औषध म्हणजे कीटकनाशक. विषाला औषध म्हणण्याची आपली रीत जुनीच. १९७१च्या कीटकनाशक नियमांनी डब्यावरचे त्रिकोण वाटून दिलेत. लाल आणि पिवळ्यावर 'विष', लालवर कवटीही, हिरव्यावर 'सावधान'. 'डेंजर' हा शब्द येतो निळ्यावर, म्हणजे उतरत्या भाजणीत तिसरा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक माणसं गेली. त्यानंतर तोंडाला रुमाल बांधायचं बरंच सांगून झालं, पण त्रिकोण वाचायला कुणी शिकवलं असेल असं वाटत नाही.

अद्रकीवर फवारायला औषध मागणारा गिऱ्हाईक विचारतो, "याचा रिझल्ट कसाय?" काउंटरवरचा पोरगा लाल त्रिकोणाचा डबा पुढं सरकवत म्हणतो, "एकदम डेंजर!" कायद्याच्या हिशेबानं तो दोन पायऱ्या कमीच सांगत असतो. गिऱ्हाईक खूश होऊन दोन डबे घेतो.