खर्जाची खरेदी

संसारी माणसाला आयुष्यात काय काय निवडावे लागते याची एक ठरीव यादी असते. स्थळ, जागा, मुलांची शाळा, पंखा, शीतकपाट, आणि म्हातारपणी दातांची कवळी. या यादीत बास गिटारचा ॲम्प्लिफायर नावाची वस्तू येईल, असे आम्हांला गेल्या वर्षीच्या गणपतीपूर्वी कुणी सांगितले असते, तर आम्ही त्याला आल्याचा चहा पाजून, डोक्याला विश्रांती घ्यायला सांगून घरी पाठवले असते.

पण गणपतीला आम्ही पालीला गेलो. पाली म्हटले की लोक ताबडतोब बल्लाळेश्वराला नमस्कार सांगतात. ती पाली रायगड जिल्ह्यातली. आमची पाली रत्नागिरीची, हातखंबा मागे टाकून लांज्याकडे निघालात की लागणारी. आमचा वडील भाऊ, म्हणजे दादा, तिथे घर आणि कलमे सांभाळून आहे, आणि चाळीस वर्षे वाडीच्या भजनी मंडळाचा बुवा आहे. त्याचा मुलगा पुण्यातली नोकरी सोडून दोन वर्षांपूर्वी बागेत परत आला. येताना त्याने एक संगणक, एक कर्ज आणि एक चार तारांची गिटार आणली. पहिल्या दोन गोष्टी दादाने समजून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी रात्री आरती आटोपून भजन बसले. पुतण्याने कुणाला न विचारता गिटारची वायर मंडळाच्या लाउडस्पीकरच्या यंत्रात खुपसली. पहिल्या अभंगाला काहीच ऐकू आले नाही. त्याने आवाज वाढवला. तरी नाही. आणखी वाढवला. मग एकाएकी माजघरातल्या फळीवरची सगळी पितळी भांडी थरथरून वाजायला लागली, आणि वहिनी आतून ओरडल्या, “अहो, मांजर शिरलंय बघा फळीवर!” तेवढ्यात मंडळाच्या लाकडी खोक्यातल्या स्पीकरने ‘फट्’ असा आवाज करून राम म्हटला.

दादाने पेटीचा भाता मिटला. “देवासमोर हे नको,” एवढेच म्हणाला. मुलगा गिटार उचलून ओटीवर जाऊन बसला, तो उत्तरपूजेपर्यंत बापाशी बोलला नाही.

निघायच्या आदल्या रात्री वहिनींनी आम्हांला मागच्या पडवीत गाठले. “भावजी, तुम्हांला म्हणून सांगते. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी यांच्या घशात गाठ बघितली आहे. स्वरयंत्रावर. दिवाळीनंतर काढायची. गाठ साधी आहे म्हणतात, पण आवाज तसाच राहील याची खात्री कुणी देत नाही. पोराचं म्हणणं, त्याच्याआधी यांचे अभंग भरून घेऊ. आणि त्यात आपली गिटार असावी असा त्याचा हट्ट. आता तुम्हीच काय ते बघा.” आमची पात्रता काय, तर कचेरीच्या गणेशोत्सवात आम्ही सलग सहा वर्षे लाउडस्पीकर समितीवर होतो! पण वहिनींना नाही म्हणायची आमची प्राज्ञा नाही. पुतण्याजवळ गेल्या मोसमातले पेट्यांचे तीस हजार होते. ते त्याने आमच्या हवाली केले.

मुंबईस आल्यावर आम्ही वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे गेलो. ते निवृत्त ध्वनिमुद्रक. उभा जन्म दुसऱ्यांचे आवाज पट्टीत भरण्यात गेल्यामुळे स्वतः फार कमी बोलतात. पण हा विषय निघाला आणि काकूंना दोनदा चहा करावा लागला.

“तबल्याला डग्गा कशाला लागतो?” त्यांनी विचारले. “तोच धंदा या गिटारचा. ऐकणाऱ्याला वेगळी कळत नाही, पण काढून घ्या, गाणं पोरकं होतं.” मग त्यांनी स्टुडिओतल्या जुन्या गोष्टी काढल्या. मुंबईच्या सिनेसंगीताच्या वाद्यवृंदात गोव्याची मंडळी मोठ्या संख्येने होती हे सगळ्यांना माहीत आहे. पण राहुल देव बर्मन यांच्या ताफ्यात बास गिटार धरणारे टोनी वाझ किंवा चरणजित सिंग यांची नावे आपल्यापैकी किती जणांनी ऐकली असतील? गाणे मात्र सगळ्यांना पाठ! हे वाद्यही फार जुने नाही. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी 1951 साली ते बाजारात आणले. त्यापूर्वी खर्जासाठी माणसाएवढे उभे डबल बास वाद्य वागवावे लागे.

“आता तुमच्या मंडळाचा स्पीकर का फाटला ते ऐका,” शेजारी म्हणाले. या गिटारच्या सगळ्यांत खालच्या तारेची कंपने सेकंदाला 41. भोंग्यातून इतका खालचा नाद बाहेरच पडत नाही, म्हणून पहिल्यांदा काही ऐकू आले नाही. आणि लाकडी खोक्यातला स्पीकर होता बोलण्यासाठी केलेला. सूर एक सप्तक खाली उतरला, की तेवढाच आवाज काढायला स्पीकरच्या कागदाला चौपट मागेपुढे व्हावे लागते. त्या बिचाऱ्याला ते झेपले नाही. त्यात माणसाचा कान खालच्या सुरांना मुळात मंद. तेव्हा वाजवणारा आवाज वाढवत जातो आणि कागद फाटेपर्यंत त्याला पत्ता लागत नाही.

“आणि भांडी?” आम्ही विचारले. वहिनींसाठी ही माहिती अत्यावश्यक होती.

“माजघर किती लांब?”

“बारा फूट. भिंती चिऱ्याच्या.”

त्यांनी पाकिटाच्या मागे आकडेमोड केली. बारा फुटांच्या दोन भिंतींमध्ये सेकंदाला सुमारे 47 कंपनांचा सूर अडकतो आणि फुगतो. तो सूर गिटारच्या त्या जाड तारेवर दुसऱ्या पडद्यावर येतो. “तुमच्या घराला तो एक सूर आवडतो,” ते म्हणाले. आमच्या घराण्यात संगीताची आवड नक्की कुठून आली, हे आम्हांला त्या दिवशी कळले.

पुढच्या शनिवारी आम्ही धोबी तलावावर गेलो. या भागात वाद्यांची दुकाने आहेत. पण आम्ही शिरलो त्या दुकानाचे नाव सांगत नाही, कारण तिथल्या तरुण विक्रेत्याने आम्हांला पाहताच पेटीचा विभाग दाखवला. बास गिटारचा ॲम्प्लिफायर हवा म्हटल्यावर त्याने आमच्या केसांकडे पाहिले आणि वॅटचा मारा सुरू केला. दोनशे घ्या, तीनशे घ्या, पाचशे घेतलात तर बघायलाच नको. शेजाऱ्यांनी आम्हांला पढवून पाठवले होते, म्हणून आम्ही टिकलो. शंभराचे दोनशे वॅट केले तर आवाज दुप्पट होत नाही. जेमतेम जाणवेल इतका वाढतो. कानाला दुप्पट वाटायला शक्ती दसपट लागते. तेवढेच पैसे चांगल्या स्पीकरवर घातले तर जास्त पदरात पडते. दुसरे, खोक्यावर लिहिलेले तीनशे वॅट बहुधा 4 ओहमचे असतात. आतला एकटा स्पीकर 8 ओहमचा असेल तर ते तीनशे वॅट मिळतात ते बाहेरून आणखी एक तसाच स्पीकर जोडल्यावर. म्हणजे लग्नाच्या बोलणीत नवऱ्या मुलाचा पगार सांगताना बापाचे निवृत्तिवेतनही त्यात धरावे, तसला प्रकार! हे आम्ही विक्रेत्याला बोलून दाखवले, तेव्हा त्याने आम्हांला बसायला स्टूल दिले.

खरा प्रश्न वॅटचा नव्हताच. तो दादाचा होता. ध्वनिमुद्रणासाठी या गिटारला ॲम्प्लिफायर लागतोच असे नाही. वायर थेट यंत्रात घालता येते. अमेरिकेत मोटाऊन कंपनीच्या गाण्यांत जेम्स जेमर्सन याने वाजवलेला पुष्कळसा बास असाच थेट भरलेला आहे. मग वाजवणारा आणि गाणारा दोघे कानांना हेडफोन लावून बसतात. पुतण्याने हे फोनवर बापाच्या कानी घातले. उत्तर आले, “कानांना झाकणं लावून मी अभंग म्हणणार नाही.” विषय संपला. म्हणजे दादाला गिटार ऐकू यायला हवी ती उघड्या हवेत, त्याच्या आवाजाखाली, अगदी हळू. आणि तरी ती त्याच्या मायक्रोफोनमध्ये शिरता कामा नये. शिरली तर पुढे दोन्ही आवाज स्वच्छ वेगळे काढणे अवघड जाते. वर हाच खोका वाडीतल्या पूजेला, शाळेच्या संमेलनाला, फार तर दीडशे माणसांसमोर पुरला पाहिजे. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद हा नियम 2000 सालापासून आहेच, तेव्हा गाव जागवण्याची ताकद कुणाला हवी होती!

यावर शेजाऱ्यांचा सल्ला असा: मोठा आवाज करून बघू नका, लहान करून बघा. बहुतेक खोके मोठ्या आवाजात बरे वाटतात आणि लहान आवाजात त्यांचा खर्ज गळून जातो. आम्ही पुतण्याला गिटारसह बोलावून घेतले होते. त्याने दुकानात पाच खोक्यांवर तीच जाड तार छेडली, आणि आम्ही त्याच वेळी हळू आवाजात विक्रेत्याशी गप्पा मारत बसलो. गप्पा ऐकू याव्यात आणि तारही ऐकू यावी, ही परीक्षा. तीन नापास झाले. चौथा पास झाला, पण तो जुन्या वळणाचा, पस्तीस किलोंचा. आम्ही उचलून पाहिला आणि खाली ठेवताना कंबरेने आमच्याशी वेगळे बोलणे केले. पाचवा बारा इंची एका स्पीकरचा, सोळा किलोंचा. हल्लीच्या नव्या जातीच्या विजेच्या मांडणीमुळे जड ट्रान्सफॉर्मर गेला, म्हणून वजन उतरले. मागे थेट ध्वनिमुद्रणाच्या यंत्राला जोडण्याची सोय होती. ती सोय नसेल तर वस्तू घेऊच नये. शिवाय तो जोड आवाजाच्या बटणावर अवलंबून नाही ना, हेही पाहून घ्यावे. नाहीतर खोलीतला आवाज कमी केला की ध्वनिमुद्रणही बारीक होते. सत्तावीस हजारांत सौदा झाला. उरलेल्या पैशांत चांगली वायर आणि वहिनींना एक साडी घेतली.

जनशताब्दीने खोका रत्नागिरीला आणि तिथून रिक्षाने पालीला गेला. माजघरात मांडला आणि बटण दाबताच ‘घूंऽऽ’ असा मधमाश्यांचा नाद सुरू झाला. वाडीतल्या वायरमनने तत्काळ उपाय सांगितला, प्लगाची तिसरी पिन कापून टाका. आम्ही शेजाऱ्यांना फोन लावला. हा एरवीचा मितभाषी माणूस तारस्वरात म्हणाला, “खबरदार! एका हातात गिटारची तार आणि ओठांशी मायक्रोफोन असताना अर्थिंग नसेल, तर माणूस जागेवर जातो. पिन कापू नका. मागे ग्राउंड लिफ्ट लिहिलेलं छोटं बटण आहे ते दाबा, आणि सगळी यंत्रं एकाच पट्टीवर लावा.” नाद बंद झाला. आमची सर्व वाचकांना हात जोडून विनंती आहे, घरात कुठल्याही यंत्राची तिसरी पिन कापलेली असेल तर हा अंक बाजूला ठेवून आधी ती बदलून घ्या.

दिवाळीच्या आधीच्या चार दिवसांत ध्वनिमुद्रण झाले. वहिनींनी फळीवरची भांडी उतरवून पडवीत नेली. मायक्रोफोनची पाठ बहिरी असते, म्हणून खोका त्याच्या पाठीमागे, दादाकडे तोंड करून, स्टुलावर ठेवला. कोपऱ्यात ठेवला असता तर खर्ज फुगून घोटाळा झाला असता. अडचण एकच आली. दादाची पट्टी काळी दोन, आणि गिटारची जाड तार पांढरी तीनची. षड्ज अर्ध्या सुराने हुकत होता. पुतण्याने ती तार अर्धा सूर उतरवली. घराचा आवडता सूर आता तिसऱ्या पडद्यावर आला, आणि तो निघाला नेमका भैरवीतला कोमल गंधार! तो सूर त्याने वरच्या सप्तकात, बारीक तारेवर घ्यायचा ठरवला.

पहिल्या दिवशी दादा खोक्याकडे पाठ करून बसला. मुलगा इतके हळू वाजवत होता की आम्हांला ओटीवर काही ऐकू येईना. दुपारी चहाला दादा म्हणाला, “दुसऱ्या कडव्याला हात का काढतोस?” मुलगा म्हणाला, “तुम्हांला अडचण नको म्हणून.” दादा काही बोलला नाही. संध्याकाळी तो खोक्याकडे तोंड करून बसला. चार दिवसांत एकोणतीस अभंग भरले.

शस्त्रक्रिया डिसेंबरात झाली. गाठ साधीच निघाली. महिनाभर दादा पाटीवर लिहून बोलत होता, आणि वहिनी म्हणतात, संसारात एवढी शांतता प्रथमच लाभली. आवाज परत आला, पण खाली आला. काळी दोनमध्ये गाणारा दादा आता पांढरी एकमध्ये गातो, तेही अर्धा तास. वरचे सूर त्याच्याकडे राहिलेले नाहीत. यंदा गणपतीला मंडळात खोका होता, आणि पुढची ओळ चुकू नये म्हणून दादा अधूनमधून मुलाच्या बोटांकडे बघत होता.

एकोणतिसावा अभंग पुतण्याने आम्हांला पाठवला आहे. त्यात तिसऱ्या कडव्याच्या शेवटी मुलाचा हात चुकून जाड तारेवरच्या तिसऱ्या पडद्यावर गेला आहे, आणि मागे कुठेतरी बारीक ‘किणऽऽ’ असे ऐकू येते. वहिनी फळीवर एक झाकण विसरल्या होत्या. पुतण्या म्हणतो, ते संगणकावर पुसून टाकता येईल. दादा पुसू देत नाही.