कॉइल बदलण्याआधी ठिणगी पाहा

‘जुना पेट्रोल ट्रक तापून बंद पडला की कॉइल बदला’ हा मागील अंकातील पत्रलेखकांचा सल्ला मला पटला नाही. ट्रकमालकाला त्यातून नाहक खर्च होतो. पेट्रोलच्या नळीत वाफ अडली तरी हेच लक्षण दिसते. म्हणून गाडी थांबताच, इंजिन गरम असतानाच ठिणगी तपासावी. निवलेली कॉइल अनेकदा निर्दोष भासते. ठिणगी जोरकस असेल तर पेट्रोलकडे वळावे. पिवळट, क्षीण असेल तर आधी डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट बघावेत. ते जळून त्यांना खड्डे पडले असतील तर संशय कंडेन्सरवर घ्यावा. तो कॉइलपेक्षा बराच स्वस्त. स्टार्टर फिरताना इंजिन पेटते आणि चावी सोडताच बंद होते, अशी तक्रार असेल तर बॅलास्ट रेझिस्टर तपासावा. स्टार्टर चालू असताना कॉइलचा करंट त्याला टाळून जातो.

– एक ट्रकमालक