गायकाचे मौन आणि वैद्याचे कर्तव्य

गवयाने मैफल सोडली की समाज हळहळतो, वृत्तपत्रे चार ओळी छापतात आणि रसिक जुन्या ध्वनिमुद्रिका काढून ऐकू लागतात. परंतु त्या निर्णयापूर्वी तो गवई कोणकोणत्या दवाखान्यांच्या पायऱ्या चढला, त्याला कोणी काय सांगितले आणि कोणी काय विकले, याची चर्चा सहसा होत नाही. आम्हां वैद्यांना आणि औषधी-विक्रेत्यांना मात्र ही चर्चा टाळता येणार नाही. कारण आवाज बसलेला माणूस खेड्यापाड्यांत सर्वप्रथम येतो तो बहुधा आपल्याच दारी.

हा प्रश्न केवळ आपल्या मुलुखाचा नाही. सुप्रसिद्ध पार्श्वगायिका अलका याज्ञिक यांनी जून २०२४ मध्ये श्रवणनाडीच्या विकारामुळे आपल्याला ऐकू येणे कमी झाल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेतील ‘एरोस्मिथ’ या वाद्यवृंदाने आपले दौरे कायमचे थांबविले; गायक स्टीव्हन टायलर यांच्या स्वरयंत्राला झालेली इजा पूर्णतः भरून येणार नाही, हे त्याचे कारण होते. अशा कलावंतांच्या हाताशी नामांकित तज्ज्ञ असतात आणि ध्वनिमुद्रणांचे उत्पन्नही असते. पाचाड, महाड, पोलादपूर या आमच्या टापूतील कलावंताजवळ यांपैकी काहीही नसते.

रायगडाच्या पायथ्याशी, जेथे राजमाता जिजाऊंनी देह ठेवला, त्या पाचाडच्या परिसरात गाणारा कंठ ही नवलाई नव्हे. राज्याभिषेकाचा सोहळा तारखेने ६ जूनला आणि तिथीने ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला होतो, तेव्हा शाहिरांच्या पोवाड्यांनी गड दुमदुमतो. गणपतीत चाकरमानी गावी आले की रात्र रात्र भजने चालतात, शक्ती-तुऱ्याच्या बाऱ्या रंगतात. हरिनाम सप्ताहात कीर्तनकार दोन-दोन तास उभ्याने गातो आणि बोलतो. यांतील बहुतेक प्रसंग पावसाळ्याच्या तोंडाशी किंवा ऐन पावसाळ्यात येतात. म्हणजे ऋतू वातप्रकोपाचा, अग्नी मंद, जागरण, ओली हवा, अवेळी जेवण आणि त्यावर उच्चरवाने गायन. हेतूंची एवढी एकत्र मांडणी एखाद्या ग्रंथकारालाही सुचली नसती! यांपैकी कोणाचा आवाज फाटला तर त्याची बिदागी त्या दिवसापासून थांबते. म्हणूनच तो वैद्याकडे येऊन एकच मागणी करतो: “आजची रात्र निभावून द्या.”

आमच्या मते, ही मागणी जशीच्या तशी मान्य करणे हे वैद्याचे काम नव्हे. रात्र निभावून देणे आणि रोग बरा करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि पुष्कळदा त्या परस्परविरोधी असतात. गाणे थांबविणे हाही उपचारच आहे. तो सांगण्याचे धैर्य वैद्याने दाखविले पाहिजे, आणि सांगितल्यावर त्या कलावंताला वाऱ्यावर सोडता कामा नये.

या भूमिकेला शास्त्राचा आधार आहे. राजयक्ष्म्याच्या चार हेतूंत चरकाचार्यांनी ‘साहस’ प्रथम गणले आहे आणि साहसात शक्तीबाहेर बोलण्याचाही समावेश केला आहे. त्याच व्याधीच्या लक्षणांत स्वरभेद सांगितला आहे. शोधनानंतर रुग्णाने वर्ज्य करावयाच्या आठ गोष्टींत उच्चभाषणाचा उल्लेख येतो. सुश्रुताचार्यांनी स्वरभेदाचे सहा प्रकार सांगून त्यांतील असाध्य अवस्थाही स्पष्ट केल्या आहेत: क्षीण, वृद्ध वा कृश रुग्णाचा, दीर्घकाळचा, जन्मजात, मेदस्वी माणसाचा आणि सान्निपातिक. ज्या शास्त्राने असाध्यता इतक्या निःसंदिग्धपणे सांगितली, त्याच्या अनुयायांनी प्रत्येक गळ्याला ‘नक्की उघडेल’ असे आश्वासन द्यावे, हे विसंगत आहे.

साध्य, याप्य आणि असाध्य या तिन्ही अवस्थांची उदाहरणे आपल्या संगीताच्या इतिहासात सुदैवाने ठळकपणे उपलब्ध आहेत. त्यांचा विचार वैद्याच्या दृष्टीने करून पाहू.

पहिले उदाहरण कुमार गंधर्वांचे. ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगावजवळील सुळेभावी येथे जन्मलेला, मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकलेला आणि लहान वयातच देशभर गाजलेला हा गायक ऐन पंचविशीच्या आत क्षयाने अंथरुणास खिळला. १९४८ च्या आरंभी कोरड्या हवेसाठी ते माळव्यात देवासला गेले आणि पुढे सुमारे पाच वर्षे त्यांना गाणे वर्ज्य झाले. या काळात त्यांनी माळव्यातील लोकगीते कान देऊन ऐकली. पत्नी भानुमतींनी शुश्रूषेत कसर ठेवली नाही. स्ट्रेप्टोमायसीन हे त्या वेळी नुकतेच उपलब्ध झालेले औषध त्यांना लागू पडले आणि १९५३ मध्ये ते पुन्हा मैफलीत बसले. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालेले असतानाही पुढे जवळपास चार दशके ते गात राहिले.

या कथेतील एक गोष्ट आपण प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. क्षयाचे जंतू मारले ते स्ट्रेप्टोमायसीनने. मात्र हवापालट, विश्रांती, आहार, शुश्रूषा आणि संपूर्ण मौन यांनी त्या औषधाला साथ दिली, आणि ही साथ देणे हेच आपल्या शास्त्राचे बलस्थान आहे. या रुग्णाला कोणी ‘फक्त एक कार्यक्रम’ म्हणून मधेच गायला बसविले असते, तर पुढची चाळीस वर्षे आपल्याला लाभली असती काय, याचा प्रत्येकाने विचार करावा. साध्य व्याधीतसुद्धा काळ हे औषध आहे, आणि ते पूर्ण मात्रेत घ्यावे लागते.

दुसरे उदाहरण जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादिया खाँ यांचे. तरुणपणी अमलेटा दरबारात अतिरेकी गावे लागल्याने त्यांचा आवाज गेला. काही काळाने तो परतला, पण पूर्वीचा लखलखीतपणा त्यात उरला नव्हता. तेव्हा खाँसाहेबांनी आवाजाला गाण्याप्रमाणे वाकविण्याऐवजी गाणे आवाजाप्रमाणे घडविले. त्यातून उभी राहिलेली पेचदार, घट्ट विणीची गायकी कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने बहरली आणि केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्या कंठांतून महाराष्ट्रभर पोहोचली. व्याधीने जे हिरावले ते परत आले नाही. परंतु जे उरले त्याच्याशी जुळवून घेऊन एक घराणे जन्मले. यालाच आपण याप्य म्हणतो. गंगूबाई हनगल यांचा सुरुवातीचा बारीक, उंच पट्टीचा आवाजही गळ्याच्या विकारावरील उपचारानंतर जाड व भारदस्त झाला आणि पुढे तोच त्यांची ओळख ठरला. ‘पूर्वीसारखा आवाज’ हे चिकित्सेचे एकमेव ध्येय नसते, हा या दोन्ही उदाहरणांचा बोध होय.

तिसरे उदाहरण याच गंगूबाईंचे गुरू सवाई गंधर्व, अर्थात रामभाऊ कुंदगोळकर यांचे. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचा हा शिष्य मराठी रंगभूमीवरही गाजला होता. १९४२ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांची मैफलीची कारकीर्द संपली. १२ सप्टेंबर १९५२ रोजी ते निवर्तले. मधली दहा वर्षे मैफलीच्या दृष्टीने रिकामी वाटतील. पण गंगूबाई, भीमसेन जोशी, फिरोज दस्तूर यांच्या गळ्यांत त्यांचे गाणे वाढतच होते. त्यांच्या निधनानंतर १९५३ पासून पुण्यात त्यांच्या नावाने सुरू झालेला महोत्सव आज देशातील अग्रगण्य संगीत-सोहळ्यांत गणला जातो. मैफल असाध्य झाली म्हणून गायक निरुपयोगी झाला नाही.

आता आपल्या गावाकडे वळू. आमच्या दारी येणारा भजनी बुवा या तिघांपैकी कोणाच्या वाटेवर आहे, हे ओळखणे ही आपली पहिली जबाबदारी. त्यासाठी काही साधे नियम सर्वांनी पाळावेत, असे आम्ही सुचवितो.

आवाज तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ बसलेला असेल, विशेषतः रुग्ण तंबाखू, मशेरी किंवा विडी घेणारा असेल, तर स्वरयंत्राची दुर्बिणीतून तपासणी झाल्याशिवाय औषध पुढे चालवू नये. पाचाडहून महाड पंचवीस किलोमीटरच्या आसपास आहे, आणि तेथून पुढेही जावे लागले तरी हा प्रवास कर्करोग उशिरा कळण्यापेक्षा स्वस्त आहे. स्वरभेदासोबत खोकला, सायंकाळचा ज्वर, वजन घटणे वा थुंकीत रक्त असेल, तर थुंकी-तपासणी त्वरित करवावी. क्षयरुग्णाची नोंद शासनाकडे करणे २०१२ पासून बंधनकारक आहे, आणि क्षयाची औषधे विकणाऱ्या दुकानदारांवरही २०१८ पासून ही जबाबदारी आली आहे. गाता गाता आवाज एकाएकी गेला असेल, तर स्वररज्जूत रक्तस्राव झाल्याची शंका घेऊन पूर्ण मौन सांगावे. कुजबुज म्हणजे मौन नव्हे, हेही बजावावे. कुजबुजण्यानेही गळ्यावर ताण पडतो.

औषधांबाबतही तारतम्य हवे. ज्येष्ठमध, पिंपळी, मनुका, रिंगणी ही चरकोक्त कंठ्य द्रव्ये आपल्या हाताशी आहेत. खदिरादी वटी, सितोपलादी ही तर घरोघरी पोहोचली आहेत. त्यांचा उपयोग आम्ही नित्य करतो व करीत राहू. तथापि ज्येष्ठमध अधिक मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो व शरीरातील पोटॅशियम घटते, हे विसरू नये. साठीच्या शाहिराला महिनोन्‌महिने ज्येष्ठमधाच्या कांड्या चघळायला देताना त्याचा रक्तदाब एकदाही मोजलेला नसेल, तर सवाई गंधर्वांच्या पक्षाघाताचे स्मरण करावे. कार्यक्रमापुरती सूज उतरविण्यासाठी इतरत्र स्टिरॉइडचे इंजेक्शन घेऊन आलेल्या रुग्णाला गाण्याची मुभा देणे हेही असेच धोक्याचे आहे. वेदना दडते, इजा वाढते.

औषधी-विक्रेत्या बंधूंना आमची वेगळी विनंती आहे. उत्सवाच्या दिवसांत गळ्याच्या गोळ्यांचा खप वाढतो, हे आम्ही जाणतो आणि त्यात गैर काही नाही. परंतु तोच गिऱ्हाईक तिसऱ्यांदा तीच डबी मागू लागला, तर “वैद्यांना दाखविलेत का?” एवढे विचारावे. ‘हमखास गुण’ अशा पाट्या दुकानात लावू नयेत. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने ज्या रोगांवरील उपचारांची जाहिरात करण्यास मनाई केली आहे, त्यांत क्षय, पक्षाघात, कर्करोग आणि बहिरेपणा हे चारही येतात. या लेखात कलावंतांना थांबविणारे जे रोग आले, त्यांतील बहुतेक याच यादीतले आहेत, हा योगायोग नव्हे. जेथे माणूस सर्वाधिक हतबल असतो, तेथेच खोट्या आश्वासनांचा बाजार भरतो.

शेवटचा मुद्दा थांबल्यानंतरचा. ‘गाणे सोडा’ असे सांगून वैद्याचे कर्तव्य संपत नाही. ज्याची ओळख आणि भाकरी दोन्ही कंठावर आहेत, त्याला ते शब्द घाव घालतात. अशा रुग्णाची निद्रा, भूक आणि मनःस्थिती यांकडे लक्ष ठेवावे लागते. घरच्यांना विश्वासात घ्यावे. पट्टी उतरवून गाता येईल का, कोरस शिष्यांवर सोपविता येईल का, ध्वनिक्षेपक योग्य लावून जोर कमी करता येईल का, हे त्याच्याशी बसून ठरवावे. गाणे शक्यच नसेल तर शिकविण्याची वाट दाखवावी. बुवांना भजनाच्या चाली आणि शाहिराला पोवाडे मुखोद्गत असतात. ते पुढच्या पिढीला देण्यासाठी मोठा आवाज लागत नाही. वृद्ध साहित्यिक व कलावंतांसाठी राज्य शासनाची मानधन योजना आहे. आज ती राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने चालते आणि २०२४ मध्ये मानधन सरसकट दरमहा पाच हजार रुपये करण्यात आले. पात्र कलावंताला अर्ज करण्यास मदत करणे, वैद्यकीय कागदपत्रे नीट लिहून देणे, हेही आम्ही चिकित्सेचेच अंग मानतो.

येत्या चातुर्मासापूर्वी आपल्या संघटनेच्या प्रत्येक सभासदाने आपापल्या गावातील भजनी मंडळे, शाहीर व कीर्तनकार यांची एक यादी करावी आणि त्यांचा गळा, छाती व रक्तदाब विनामूल्य तपासावा, असा प्रस्ताव आम्ही या अंकाद्वारे मांडीत आहोत. सण सुरू झाल्यावर येणारा रुग्ण ‘आजची रात्र’ मागतो. सणापूर्वी भेटलेला रुग्ण सल्ला ऐकतो. दोहोंमधील अंतर फार तर महिन्याभराचे आहे, पण त्यात एखाद्याचा आवाज वाचू शकतो.